मकराची अट : मुलांच्या अद्भुतकथांच्या प्रकल्पाच्या नोंदी, बडोदा

15 जानेवारी 2025, बुधवार, वासी उत्तरायण (संक्रांतीचा दुसरा दिवस)

काल गच्चीवर, चारी बाजूंनी पतंग काटल्याच्या "काप्यो छे"चा गलका चालू असताना, शेजारची नऊ वर्षांची मुलगी तिळगूळ घ्यायला आली. वडी तोंडात टाकून तिने विचारलं, "काकू, मकरसंक्रांतीतला मकर म्हणजे कोण?" मी म्हटलं, मगर. ती म्हणाली, "मग आमच्या कॅलेंडरवर बकरी कशी? आणि तिला माशाची शेपूट?"

उत्तर देता देता मीच त्यात गुंतले. वराहमिहिराने बृहज्जातकात मकर राशीला हरणाचं तोंड दिलं आहे. बाबिलोनच्या लोकांनी त्याच ताऱ्यांत बकरी-मासा पाहिला. देवळाच्या तोरणावरच्या मकराला हत्तीची सोंड, मगरीचा जबडा आणि माशाची नाहीतर मोराची शेपूट. गंगेचं वाहन तो, वरुणाचंही तोच, मदनाच्या झेंड्यावरही तोच. आणि आमच्या घरापासून पंधरा मिनिटांवर, विश्वामित्री नदीच्या काठी, खऱ्याखुऱ्या मगरी ऊन खात पडलेल्या असतात. एवढं सगळं हाताशी असताना आमची मुलं गोष्ट लिहायला बसली की बर्फाच्या डोंगरातला ड्रॅगन काढतात.

दांडियाबाजारातल्या घराच्या ओसरीवर मी गेली दोन वर्षं रविवारचा मराठी वाचनवर्ग घेते. मुलं गुजराती नाहीतर इंग्रजी माध्यमातली, मराठी फक्त घरात. यंदा नुसतं वाचन नाही. प्रत्येकाने एक अद्भुत प्राणी घडवायचा, त्याची गोष्ट मराठीत लिहायची आणि जूनमध्ये शाळा उघडायच्या आत पुस्तिका छापून हातात घ्यायची. बंधन एकच : प्राण्याचा मुक्काम बडोद्यात किंवा आसपास हवा.

26 जानेवारी, रविवार

अकरा मुलं आली, नऊ ते चौदा वर्षांची. झेंडावंदन करून आल्यामुळे निम्मी गणवेशात. कागद वाटले आणि म्हटलं, काढा प्राणी.

तास संपला तेव्हा सात कागदांवर पंख, आग आणि ताकदींची यादी. तेरा वर्षांच्या एका मुलाने बारा ताकदी लिहिल्या : अदृश्य होतो, मरत नाही, मनातलं ओळखतो, डोंगर उचलतो... चित्र फार सुरेख, खवला न् खवला रंगवलेला. गोष्ट मात्र चार ओळींत आटोपली. शत्रू आला, प्राण्याने त्याला जाळलं, गाव आनंदी झालं. "पुढे काही घडतच नाही ताई," तो म्हणाला. बिचारा खट्टू झाला होता. त्याला काय सांगावं ते मलाही तेव्हा सुचलं नाही.

2 फेब्रुवारी, रविवार

आज देवघरातली प्रभावळ ओसरीवर आणली. पणजीच्या वेळची, पितळेची. आधी मुलांकडूनच चिंचेने घासून घेतली, कारण हात फिरतो तिथे नजरही थांबते. वरच्या टोकाला वटारलेल्या डोळ्यांचं, खालचा जबडाच नसलेलं एक तोंड. खाली दोन्ही बाजूंना दोन मकर. डावीकडच्या मकराची सोंड इतक्या वर्षांच्या घासण्याने पार झिजली आहे, आता ती वळलेल्या जिभेसारखी दिसते. दोघांच्या उघड्या जबड्यांतून प्रभावळीची कमान निघते; वेल, पानं, कळ्या, सगळं तिथूनच उगवतं. मी रोज तिथे फुलं वाहते, पण हे कधी नीट पाहिलं नव्हतं. सातवीतल्या एका मुलीने बोट ठेवून दाखवलं, "हे गिळत नाहीयेत ताई, बाहेर काढतायत."

वरचं तोंड कीर्तिमुख. त्याची स्कंदपुराणातली गोष्ट सांगितली. जालंधराचा दूत होऊन राहू शंकराकडे पार्वतीची मागणी घालायला जातो. शंकराच्या भुवयांमधून एक भुकेला जीव निघतो आणि राहूवर झेप घेतो. राहू शरण येतो, शंकर त्याला अभय देतात. मग त्या जिवाने खायचं काय? "स्वतःलाच खा," असं सांगितल्यावर तो शेपटीपासून सुरुवात करतो आणि फक्त तोंड उरतं. शंकर प्रसन्न होऊन त्याला दारावर बसवतात.

ओसरीवर चिडीचूप. मग एकाने विचारलं, "आता त्याला भूक लागत असेल का?" हा प्रश्न वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवला आहे.

9 फेब्रुवारी, रविवार

सयाजीबागेतल्या म्युझियममध्ये गेलो. सयाजीराव महाराजांनी उभं केलेलं, 1894 सालचं. मुलांना ममी बघायची घाई होती, मला देवमासा दाखवायचा होता.

नील देवमाशाचा तो सांगाडा सत्तर फुटांहून लांब आहे. 1944 मध्ये मही नदीच्या मुखाशी वाहून आलेला. खंभातच्या आखातात भरती-ओहोटीचा फरक देशात सर्वांत मोठा. पाणी चढतं तसंच झपाट्याने उतरतं आणि मागे मैलभर चिखल उरतो. मुलांना सांगितलं, त्या पहाटे चिखलात तो पहिल्यांदा ज्याला दिसला असेल, त्या माणसाच्या जागी उभे राहा. म्युझियम नाही, पाटी नाही, देवमासा हा शब्दही कधी कानावर आलेला नाही. घरी जाऊन तू काय सांगशील?

सगळे एकदम बोलायला लागले. बेट हललं. नदीने मेलेला डोंगर आणला. एक म्हणाला, "मी सांगणारच नाही, कोणी विश्वास ठेवणार नाही." हे उत्तर मला सर्वांत आवडलं. अशा कथेतल्या मुलाची पहिली अडचण तीच असते.

नऊ वर्षांची आमची कॅलेंडरवाली पोहण्याच्या पंखाशी कितीतरी वेळ उभी होती. त्या पंखात बोटांची हाडं आहेत. तिने आपला पंजा हवेत पसरून त्यांच्यासमोर धरला आणि तसाच ठेवला. मग जबड्याकडे जाऊन विचारलं, "दात कुठायत?" दात नसतातच. एवढा थोरला जीव बारीक कोळंबीसारखे किडे गाळून खातो, माणूस त्याच्या घशातून उतरणारही नाही. तिला ते अन्यायाचं वाटलं.

10 फेब्रुवारी, सोमवार

कालच्या सांगाड्यावरून तिमिंगिल आठवला. संस्कृतात तिमि म्हणजे प्रचंड मासा. त्याला गिळतो तो तिमिंगिल. त्यालाही गिळतो तो तिमिंगिलगिल. भरहूतच्या स्तूपावर, इसवीसनापूर्वीच्या दुसऱ्या शतकातल्या कोरीव कामात, हा मासा आख्खी नाव माणसांसकट गिळताना दिसतो, आणि सोबत लेख आहे की वसुगुप्ताला महादेवाने तिमितिमिंगिलाच्या पोटातून सोडवलं. बावीसशे वर्षांपूर्वी कोणीतरी दगडावर छिन्नी चालवत होता आणि त्याच्या मनात हाच प्रश्न असणार : एवढ्या मोठ्या तोंडातून सुटायचं कसं?

23 फेब्रुवारी, रविवार

आज आत्याला बोलावलं. वय अठ्ठ्याहत्तर. तिला कोकणात दिलेली, आता कायमची आमच्याकडे बडोद्यात. तिच्याकडे जे आहे ते म्युझियममध्ये नाही : साती आसरा, मुंजा, चकवा, खवीस, जखीण, गिऱ्हा. आसरांच्या सात शेंदरी दगडांपासून सुरुवात करून ती गिऱ्ह्यावर आली. पाण्यात बुडून मेलेल्याचं ते भूत. रात्री नदी ओलांडणाऱ्याला ओळखीच्या आवाजात हाक मारतं, "इकडनं ये, इकडे उतार आहे," आणि डोहात नेतं. म्हणून रात्री पहिल्या हाकेला ओ देऊ नये. आत्याचा आवाज असा खाली उतरला की मोठी मुलंसुद्धा एकमेकांना चिकटली.

तेवढ्यात दोन घरच्या गाड्या आल्या, चपलांची शोधाशोध झाली आणि वर्ग तिथेच सुटला.

24 फेब्रुवारी, सोमवार

काल रात्री पावणेबाराला फोन. वर्गातल्या सर्वांत धाकट्या मुलाची आई. मुलगा झोपत नाही, दिवा मालवू देत नाही, बाथरूममध्ये नळ ठिबकतोय तो गिऱ्हाच आहे म्हणतो. त्या चिडल्या होत्या, आणि त्यांचं बरोबर होतं. "ताई, भुतंखेतं कशाला सांगता मुलांना?"

आत्या जागीच होती. तिने फोन घेतला आणि मुलाला द्यायला सांगितलं. मी ऐकत होते. "अरे, पुढचं ऐकायचं राहिलं की तुझं! गिऱ्ह्याचा एक केस जरी आपल्या हातात आला ना, तर तो आपला गडी होतो. विहिरीचं पाणी काढतो, लाकडं फोडतो, माड शिंपतो. फक्त तो केस जपून ठेवायचा. रोज येऊन मागतो बिचारा, माझा केस द्या, माझा केस द्या." पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. आत्या म्हणाली, "डबीत. वेलचीच्या." मग पाच मिनिटं दोघांचं डबी कुठे लपवायची यावर बोलणं झालं. आज सकाळी त्या आईंचा निरोप आला की फोन ठेवल्यावर मुलगा लगेच झोपला.

मी मात्र पहाटेपर्यंत जागी होते. जे महिनाभर सुचत नव्हतं ते समोर आलं होतं. भीती गिऱ्ह्याची नव्हती, अर्ध्या गिऱ्ह्याची होती. आम्ही मुलाला प्राणी दिला आणि त्याची अट दिली नाही. अट कळली की भीती जात नाही, पण तिला धरायला कान मिळतो. आणि बारा ताकदींच्या त्या प्राण्याची गोष्ट चार ओळींत का संपली, त्याचंही उत्तर हेच. त्याला अटच नव्हती. गोष्ट प्राण्याच्या अंगात नसते, त्याच्या अटीत असते.

2 मार्च, रविवार

फळ्यावर फक्त एक शब्द लिहिला : अट. मग जुन्या गोष्टी उलगडल्या. वेताळ राजाच्या पाठीवर निमूट येतो, पण राजा बोलला की परत झाडावर. राजाला उत्तर ठाऊक असून तो गप्प राहिला तर डोक्याची शकलं होणार. म्हणजे बोलावं तरी पंचाईत, न बोलावं तरी पंचाईत. त्या एका अटीवर पंचवीस गोष्टी उभ्या राहिल्या. यक्षाच्या तळ्यात पाणी मुबलक, पण आधी उत्तरं द्यायची. चार भावांनी ऐकलं नाही. बकासुराला गाडाभर भात, दोन रेडे आणि एक माणूस लागायचा. हा करार होता म्हणूनच भीम त्या गाड्यावर बसून जाऊ शकला. खोडियार मातेची गोष्ट आमच्याकडच्या गुजराती शेजारणीने सांगितली : भावाला साप चावला, सूर्य उगवायच्या आत पाताळातून अमृत आणायचं, पायाला लागलं आणि मगरीने पाठीवर घेतलं. रिक्षांवरच्या चित्रात देवी मगरीवर का बसलेली असते ते मुलांना आज कळलं.

गजेंद्राचा पाय धरणाऱ्या मगरीवर मुलं थांबली. ती मगर आधी हूहू नावाचा गंधर्व होती, देवल ऋषींच्या शापाने मगर झालेली. म्हणजे तीही सुटायचीच वाट बघत होती. "मग तिने पाय धरला तो खायला नाही," बारा वर्षांची एक मुलगी म्हणाली, "तिला कोणीतरी यायला हवं होतं."

बारा ताकदींवाल्याने मागच्या बाकावर बसून अकरा ताकदी खोडल्या.

9 मार्च, रविवार

सकाळी आठला विश्वामित्रीच्या पुलावर. पाण्याजवळ कोणालाही जाऊ द्यायचं नाही असं आधीच ठरलं होतं. पुलाच्या कठड्यामागून, दोन दुर्बिणींत आळीपाळीने बघायचं. प्राणी वाचवण्याचं काम करणारा एक ओळखीचा तरुण सोबत होता. ऑगस्ट 2024 च्या पुरात सोसायट्यांच्या आवारात आलेल्या मगरी हलवायला तो रात्रंदिवस फिरला होता.

तीन मगरी दिसल्या. सर्वांत मोठी चिखलाच्या उतारावर, जबडा आ वासून. मुलांना वाटलं, कोणावर तरी डोळा आहे. शरीराची उष्णता सांभाळायला ती तोंड उघडं ठेवते, हे ऐकून थोडी निराशा झाली. मग त्या तरुणाने खिशातून चिकटपट्टीचं रीळ काढलं. मगरीचा जबडा मिटण्याची ताकद अफाट, पण उघडणारे स्नायू इतके अशक्त की मिटलेल्या तोंडाला ही पट्टी गुंडाळली तर तिला ते उघडता येत नाही. एक क्षण कोणी बोललं नाही, आणि मग तीन-चार जण एकदम ओरडले, "ही तिची अट!"

मला भरून आलं. मी शिकवलेलं नव्हतं ते.

अजून दोन गोष्टी सांगितल्या. पक्षी घरटी बांधत असतात त्या दिवसांत मगरी नाकाडावर काटक्या ठेवून निपचित पडून राहतात आणि काडी उचलायला आलेला पक्षी धरतात, असं निरीक्षण 2013 मध्ये प्रसिद्ध झालं. आणि महाडच्या सावित्री नदीतल्या मगरी पाण्यात वाहत आलेल्या झेंडूच्या फुलांजवळ रेंगाळतात, अशीही नोंद अभ्यासकांनी केली आहे. काड्या आणि झेंडू. आता ज्याला मकर लिहायचा आहे त्याने ठरवावं, आपला कुठला.

30 मार्च, रविवार, गुढीपाडवा

वर्ग नाही. साखरेच्या गाठी वाटल्या. परीक्षा जवळ आल्याने दोन मुलांनी नाव काढून घेतलं. नऊ उरली.

6 एप्रिल, रविवार

नावांचा दिवस. जुनी नावं फोडून दाखवली. नरसिंह, हयग्रीव ही सरळ जोडनावं. किन्नर मात्र प्रश्नच आहे : किं नर? हा माणूस आहे का? पाहणाऱ्याचा गोंधळच त्याचं नाव झाला. ओडिया महाभारतात सारळा दासांनी आणलेला नवगुंजर नऊ प्राण्यांचा बनलेला, आणि अर्जुन त्याच्यावर बाण रोखतो तो त्याच्या एका माणसाच्या हाताकडे बघून थांबतो. तिमिंगिलाचं नाव तर त्याच्या कामावरून पडलं.

मुलांनी गिळ हा शब्द उचलला आणि अर्धा तास धुमाकूळ घातला. दप्तरगिळ, गणितगिळ, वीजगिळ. कॅलेंडरवाल्या मुलीने वहीवर हात आडवा धरून लिहिलं, कोणाला दाखवलं नाही. वर्ग सुटल्यावर माझ्याजवळ आली. पानावर एकच शब्द : हाकगिळ्या. तो काय करतो? "संध्याकाळी आई गॅलरीतून हाक मारते ना, ती गिळतो. म्हणून मुलांना ऐकूच येत नाही." आणि त्याची अट? "ती अजून सापडली नाही." ठरवायची नाही, सापडायची. मी तिला घाई केली नाही.

20 एप्रिल, रविवार

पहिले कच्चे खर्डे. बारा ताकदींवाल्याने ड्रॅगन सोडलेला नाही, आणि मी त्याला सोडायला सांगणारही नाही. मध्ये एका पालकांनी विचारलं होतं, परदेशी प्राणी कशाला? मला हा आग्रह पटत नाही. प्राणी सीमा ओलांडतात आणि ओलांडताना बदलतात. 1414 मध्ये बंगालच्या सुलतानाकडून चीनच्या योंगल सम्राटाला भेट म्हणून जिराफ गेला, तर तिथल्या दरबाराला त्यात आपला शुभ प्राणी किलिन दिसला. जपानीत जिराफाला आजही किरिन म्हणतात. आणि उलटंही होतं. कच्छमधल्या पानंध्रोच्या लिग्नाइट खाणीत मिळालेल्या 27 मणक्यांवरून 4.7 कोटी वर्षांपूर्वीच्या एका महाकाय सापाची ओळख पटली, अंदाजे लांबी 11 ते 15 मीटर. 2024 मध्ये त्याला नाव दिलं वासुकी इंडिकस. शास्त्रज्ञालाही नाव शोधताना समुद्रमंथनच आठवलं.

तर या मुलाचा ड्रॅगन आता कोयलीच्या रिफायनरीत राहतो. रात्री हायवेवरून धुराड्याच्या टोकावर ज्योत दिसते ना, तो त्याचा श्वास. अट अशी की त्याने श्वास रोखला तर खाली सगळ्यांना धोका, म्हणून त्याला कधी झोपता येत नाही. एक मुलगा त्याला जागं ठेवायला रोज रात्री गोष्टी सांगतो, आणि एका रात्री त्या मुलालाच डुलकी लागते. सात पानं झाली आहेत आणि अजून चालू आहे. जानेवारीतल्या चार ओळींचाच हा मुलगा.

11 मे, रविवार

सुट्टी. निम्मी मुलं गावाला. पुलावरच्या त्या तरुणाला ओसरीवर बोलावलं, मगरीच्या घरट्याबद्दल सांगायला. मादी काठाच्या मातीत खड्डा करून 25-30 अंडी घालते आणि जवळपासच राहते. मातीच्या उष्णतेवर ठरतं की पिल्लू नर होणार की मादी. पावसाच्या तोंडावर अंडी फुटायच्या वेळी पिल्लं कवचाच्या आतूनच आवाज करतात. तो ऐकून आई माती उकरते आणि पिल्लांना जबड्यात घेऊन पाण्यात सोडते. तोच जबडा.

हाकगिळ्यावाली एकदम उभी राहिली. "आणि आवाज ऐकूच आला नाही तर?"

यंदा मार्चपासून नदी खोल आणि रुंद करण्याचं काम चालू आहे, मोठी यंत्रं उतरली आहेत. तिच्या घरून ती ऐकू येतात. शिवाय लग्नसराई, रोज रात्री डीजे. ती खाली बसली, वही उघडली आणि वर्ग संपेपर्यंत तिने मान वर केली नाही.

तिला अट सापडली होती. हाकगिळ्या वाईट नाही. मगरीच्या आईला पिल्लांची हाक ऐकू यावी म्हणून तो काठावरचे सगळे आवाज गिळतो : यंत्रं, भोंगे, डीजे. पण त्याला आवाजांतला फरक कळत नाही, म्हणून त्यात आयांच्या हाकाही जातात. गिळलेली हाक पोटात जिवंत राहते. ज्याच्यासाठी ती मारली होती त्याने ओ दिली तरच सुटते. पण हाक ऐकूच आली नाही, तर ओ देणार कोण?

मी तिला विचारलं, मग? ती म्हणाली, "ऐकू आली नाही तरी द्यायची. वेळ झाली की द्यायची."

आत्या आतून येऊन दारात उभी होती. पहिल्या हाकेला ओ देऊ नये असं सगळ्यांना बजावणारी आत्या. ती काही बोलली नाही, मुलीला कैरीचं पन्हं आणून दिलं.

25 मे, रविवार

छापखान्यातून पहिली मुद्रितं आली आणि पोटात गोळा आला. आमची फाइल त्यांनी त्यांच्या जुन्या फाँटमध्ये उतरवताना सगळे ऱ्य आणि ऱ्ह रफारात गेले. गिऱ्हा झाला गिर्हा. दुसऱ्या झालं दुसर्या. पावागडच्या दऱ्यांत राहणारा एका मुलाचा दोन शेपट्यांचा वाघ दर्यांत, म्हणजे थेट समुद्रात जाऊन पडला. मुलगा रडवेला झाला. वाघाला पोहता येत नाही, हीच त्याची अट होती.

त्यांना म्हटलं तर उत्तर आलं, "चालतं, कळतं वाचणाऱ्याला." चालत नाही. या मुलांच्या हातात मराठीची ही पहिली स्वतःची पानं. त्यांनी बरोबर लिहिलेलं आम्ही चुकीचं कसं छापायचं? आत्या, मी आणि दोन मोठी मुलं बसलो, 44 पानांतला एकेक अर्धा र शोधून लाल खूण केली. 163 खुणा. युनिकोडमध्येच पुन्हा पानं लावायला लावली. आठवडा गेला, पैसेही थोडे जास्त गेले.

8 जून, रविवार

उद्यापासून शाळा. ओसरीवर वाचन झालं. नऊ गोष्टी, 150 प्रती. पालक पायऱ्यांवर, काही रस्त्यावर उभे. गिऱ्ह्यामुळे न झोपलेल्या धाकट्याने आपल्या गोष्टीआधी वेलचीची रिकामी डबी सगळ्यांना दाखवली आणि ती उघडायची नाही असं सांगितलं. कोणी उघडली नाही. रिफायनरीचा ड्रॅगन अकरा पानांचा झाला होता. तीनच वाचून दाखवली, बाकीची पानं लोक पुस्तिका घेऊन तिथेच वाचत बसले.

हाकगिळ्याच्या गोष्टीतली मुलगी रोज संध्याकाळी सातला पुलावर थांबते आणि कोणी हाक मारलेली नसताना "ओ" देते. पहिल्या दिवशी काही होत नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी पाण्यातून एक बुडबुडा येतो आणि तिच्या आजीच्या आवाजात तिचं नाव फुटतं. आजी दोन वर्षांपूर्वी गेलेली. हे वाक्य खर्ड्यात नव्हतं. तिने ते शेवटच्या मुद्रितात पेन्सिलीने घातलं होतं, आणि मी ते तसंच जाऊ दिलं होतं.

19 जून, गुरुवार

पाऊस लागला. आत्याला डॉक्टरांकडे नेऊन रिक्षाने परत येत होते. नदीचं पाणी गढूळ, काठ बुडालेले. समोरच्या काचेवर खोडियार मातेचं चित्र, खाली हिरवीगार मगर. पुलावर गाड्या तुंबल्या होत्या, हॉर्न वाजत होते. आत्याने पदर डोक्यावर घेतला, बाजूने मान बाहेर काढली आणि पाण्याकडे बघून जोरात ओ दिली.

रिक्षावाल्याने आरशातून पाहिलं. "कोने बोलावो छो, बा?"

"बोलावती नथी, भाई," आत्या म्हणाली. "होंकारो आपुं छुं."